उजेडावरून पत ठरेल काय?

दिवाळी जवळ आली की एक चित्र न चुकता फिरू लागते. पूर्वी ते ई-मेलमधून येत असे, आता भ्रमणध्वनीवर येते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे आणि तांबडे ठिपके, आणि खाली मथळा : 'अवकाशातून दिसणारी भारताची दिवाळी'. चित्र मोहक आहे यात शंका नाही. परंतु दिवाळीशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान व सागरविषयक संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस्तोफर एल्व्हिज यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते सिद्ध केले होते. त्यातील रंग हे वर्षांचे रंग आहेत. पांढरे ठिपके १९९२ पूर्वीपासूनच्या दिव्यांचे. निळे, हिरवे आणि तांबडे ठिपके अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये प्रथम दिसू लागलेल्या दिव्यांचे. हा गैरसमज इतका पसरला की २०१२ च्या दिवाळीत नासाने १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे उपग्रहचित्र प्रसिद्ध केले आणि दिवाळीमुळे प्रकाशात पडणारी भर इतकी सूक्ष्म असते की ती अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही, असा खुलासा केला. आपल्या पणत्यांचा यात अवमान झाला असे कोणी मानू नये. पणती अंगणासाठी असते.

मला विचाराल तर खोट्या मथळ्याखालचे ते चित्र खऱ्या दिवाळीच्या चित्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. खातेदाराची शिल्लक एका नजरेत कळते, परंतु त्याचा व्यवहार समजून घ्यायचा तर मागील काही वर्षांच्या नोंदी वाचाव्या लागतात. त्या चित्रात एका मोठ्या देशाच्या अशाच नोंदी आहेत : कोठे दिवे होते, कोठे नव्याने लागले, कोठे लागलेच नाहीत. रात्रीच्या दिव्यांवरून माणसांच्या उलाढालीचा अंदाज बांधण्याचे हे शास्त्र गेल्या काही दशकांत चांगलेच रुजले असून ते आता बँकिंगच्या उंबरठ्यापर्यंत आले आहे. म्हणूनच या अंकाच्या वाचकांपुढे, मग ते खातेदार असोत वा सहकारी, त्याविषयी माझे मत मांडावेसे वाटते.

या शास्त्राचा जन्म अर्थशास्त्राच्या पोटी झालेला नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला रात्रीचे ढग पाहावयाचे होते. चंद्रप्रकाशातही ढग टिपू शकतील इतके संवेदनशील यंत्र हवामान उपग्रहांवर बसविण्यात आले, आणि ढग नसतील तेथे खालच्या शहरांचे दिवे, जंगलातील वणवे, तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू, मासेमारी नौकांची झगमग हे सारे अनाहूतपणे टिपले जाऊ लागले. १९९२ ते २०१३ या काळातील त्या उपग्रहांच्या वार्षिक नोंदी सर्वांना खुल्या आहेत. जमिनीचे साधारण एक किलोमीटर बाजूचे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनाला ० ते ६३ यांपैकी एक अंक दिलेला असतो. मोठ्या शहरांची यातून पंचाईत होते. मुंबईच्या गजबजलेल्या भागात दिवे कितीही वाढोत, अंक ६३ च्या पुढे सरकत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सोडण्यात आलेल्या 'सुओमी एनपीपी' या उपग्रहावरील नव्या यंत्राने ही अडचण दूर केली. त्याची नजर सुमारे पाऊण किलोमीटरपर्यंत बारीक आहे. चंद्राचा प्रकाश आणि ढगांचा अडथळा वजा करून शुद्ध केलेली त्याची मालिका नासा 'ब्लॅक मार्बल' या नावाने उपलब्ध करून देते.

मात्र हा पाहुणा आपल्याकडे येतो तो मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास. ही वेळ वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालविण्याचे आवाहन झाले तेव्हा देशातील विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३२ हजार मेगावॉटने खाली आली. इतकी मोठी घटना. पण दीड वाजता डोकावणाऱ्या या पाहुण्याला तिचा पत्ता लागण्याचे कारणच नव्हते.

अर्थशास्त्रज्ञांना या दिव्यांची भुरळ का पडली, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नाही. राष्ट्रीय उत्पन्न हा आकडा मोजला जात नाही, तो अंदाजला जातो. ज्या देशांत हिशेब ठेवणारी यंत्रणाच दुबळी आहे, तेथे तो अंदाजही डळमळीत असतो. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाईल या तिघांनी २०१२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये दाखवून दिले की, दिव्यांच्या तेजात एक टक्का वाढ झाली तर उत्पन्नात सरासरी सुमारे ०.३ टक्का वाढ झाल्याचे दिसते. मादागास्करमधील इलाकाका या ठिकाणी १९९८ च्या अखेरीस नीलमणी सापडले. नकाशावर जेथे काळोख होता तेथे काही वर्षांत उजेडाचा पुंजका उगवला. उलट्या दिशेचे उदाहरण सीरियाचे आहे. मार्च २०११ नंतरच्या चार वर्षांच्या युद्धात त्या देशातील रात्रीचा सुमारे ८३ टक्के प्रकाश विझला. कोणत्याही सरकारी अहवालाने हे इतक्या स्पष्टपणे सांगितले नसते. लुईस मार्टिनेझ या अभ्यासकाने तर २०२२ मध्ये हुकूमशाही राजवटींचे विकासदर त्यांच्याच दिव्यांशी ताडून पाहिले आणि ते सुमारे ३५ टक्क्यांनी फुगविलेले असतात असा निष्कर्ष काढला. कागदावरील आकडे वाढविता येतात, दिवे तितक्या सहज वाढविता येत नाहीत.

तथापि, या विषयातील सर्वांत शहाणपणाचे वाक्य मला चेन आणि नॉर्डहाऊस यांच्या २०११ च्या निबंधात आढळते. त्याचा आशय असा, की जेथे आकडेवारी अगदी दरिद्री आहे तेथे दिवे उपयोगी पडतात; जेथे ती बरी आहे तेथे त्यांच्यामुळे ज्ञानात फारशी भर पडत नाही. यांपैकी नॉर्डहाऊस यांना २०१८ मध्ये, वेगळ्या कार्यासाठी, नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या देशाकडे आणि आपल्या व्यवसायाकडे वळू. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना विसरता येणार नाहीत. त्या निर्णयाची योग्यायोग्यता हा या लेखाचा विषय नाही. गॅब्रिएल कोडोरोव-राइख, गीता गोपीनाथ, प्राची मिश्रा आणि अभिनव नारायणन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र प्रत्येक बँक कर्मचाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. कोणत्या जिल्ह्याच्या करन्सी चेस्टमध्ये नव्या नोटा किती आणि केव्हा पोचल्या याच्या रिझर्व्ह बँकेकडील नोंदी त्यांनी घेतल्या आणि त्याच जिल्ह्यांच्या रात्रीच्या प्रकाशाशी जोडल्या. जेथे नोटांची चणचण अधिक, तेथे प्रकाश अधिक मंदावलेला, कर्जवाटप अधिक रोडावलेले आणि रोखीखेरीजच्या देयकांचा वापर अधिक वाढलेला आढळला. त्या तिमाहीत रोजगार आणि उलाढाल किमान दोन टक्के-अंकांनी घटली आणि पुढील काही महिन्यांत हा परिणाम ओसरला, असे त्यांचे अनुमान आहे. आपल्या तिजोरीतील नोंद आणि आकाशातील नोंद एकमेकींशी बोलू लागल्या की काय दिसू शकते, याचा हा नमुना आहे.

अशा साधनाची आपल्याला गरजही आहे. शाखा उघडण्यासाठी गावांची जी श्रेणी लावली जाते ती लोकसंख्येवरून. पाच हजारांहून कमी वस्तीची गावे सहाव्या श्रेणीत मोडतात. ही लोकसंख्या गेली अनेक वर्षे २०११ च्या जनगणनेतून घेतली जात आली आहे, आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी न होता २०२७ या सालाकडे गेली. मधल्या काळात चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्याभोवतीची गावे किती बदलली हे सांगण्यासाठी उपग्रह लागत नाही, पण असे बदल देशभरात शेकडो ठिकाणी झाले आहेत आणि सर्वच ठिकाणे महामार्गावर नसतात. तेव्हा नव्या वस्तीचा माग काढण्यासाठी या नकाशांचा उपयोग व्हावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

माझा आक्षेप याच्या पुढच्या पायरीला आहे. अलीकडे पर्यायी माहितीच्या आधारे कर्जदाराची पत ठरविण्याची चर्चा सर्वत्र ऐकू येते. ज्याच्याकडे उत्पन्नाचे कागद नाहीत त्याच्या परिसराचा उपग्रहातून अंदाज घ्यावा आणि संगणकाने गुण द्यावेत, ही कल्पना आकर्षक वाटते. उजळ परिसराला अधिक गुण, अंधाऱ्या परिसराला कमी. अंधार म्हणजे जोखीम हे समीकरण एकदा प्रणालीत जाऊन बसले की ते तेथे आहे याचाही कोणाला पत्ता राहत नाही. शाखाधिकाऱ्याच्या पडद्यावर फक्त 'अपात्र' एवढाच शेरा उमटतो.

हे समीकरण किती कच्चे आहे ते पाहा. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०१२ ते २०२१ या दशकातील भारताच्या रात्रीच्या प्रकाशाचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार या काळात देशाचा प्रकाश ४३ टक्क्यांनी वाढला, आणि सर्वाधिक झेप घेणाऱ्या प्रदेशांत बिहार, मणिपूर व लडाख यांची नावे आहेत. दरडोई उत्पन्नाच्या यादीत मात्र बिहार अद्यापि राज्यांमध्ये तळाशीच आहे. बिहारचा उजेड खोटा नाही. तेथे घरोघर वीज पोचली, रस्त्यांवर दिवे आले, मुलांना रात्री अभ्यास करता येऊ लागला. हे सारे मोलाचेच आहे. पण दिवा लागणे आणि हाती पैसा येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर कर्ज देणाऱ्याने तरी ओळखले पाहिजे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेचा बर्लिग आणि प्रेओनास यांनी याच पद्धतीने अभ्यास केला. योजनेच्या गावांत रात्रीचा प्रकाश वाढल्याचे उपग्रहाने टिपले, परंतु लहान गावांच्या आर्थिक जीवनात काही वर्षांनंतरही फारसा पालट आढळला नाही. मोठ्या गावांना लाभ अधिक झाला.

याउलट काळोखात चालणारे कष्ट तर आपल्या दाराशी आहेत. महाराष्ट्रातील शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळत आली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीची वीज आली की शेतकरी बॅटरी घेऊन शेतावर जातो, मोटार सुरू करतो आणि पहाटेपर्यंत उसाला किंवा गव्हाला दारे धरतो. पायाखाली साप, जुन्नरकडे असेल तर शेजारच्या फडात बिबट्या. दिवसा वीज द्या ही मागणी याच भीतीतून आली, आणि ती पुरविण्यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे. आता कल्पना करा : रात्रीचा दीड वाजला आहे, उपग्रह नेमका त्याच शिवारावरून जात आहे. खाली पाच अश्वशक्तीची मोटार चालू आहे, पाणी वाहत आहे, एक माणूस जागा आहे, लाखभर रुपयांचे पीक उभे आहे. उपग्रहाच्या नोंदीत मात्र शून्य. विहीर, मोटार आणि पाइपलाइन यांसाठीचे कर्ज कोण्या बँकेनेच मंजूर केलेले असते, त्यामुळे तो शेतकरी त्या बँकेच्या खतावणीत ठळक आहे आणि उपग्रहाच्या खतावणीत नाही. या दोहोंपैकी कोणती खतावणी विश्वासार्ह, हे मी निराळे सांगत नाही.

शेती दिव्यांना दिसत नाही, ही या शास्त्राची सर्वांत मोठी उणीव आहे असे मी मानतो. त्यात ऋतुमानाची भर पडते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या आकाशात ढग दाटलेले असतात आणि निरभ्र रात्री मोजक्याच मिळतात. म्हणजे खरीप पीक कर्जाची लगबग ज्या महिन्यांत असते, नेमक्या त्याच महिन्यांत उपग्रहाच्या डोळ्यांवर पडदा असतो.

उजेड आहे आणि माणसे जवळजवळ नाहीत, असेही घडते. रात्रीच्या छायाचित्रांत भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील सीमा एका नारिंगी रेघेसारखी उठून दिसते. ती कुंपणावरील प्रखर दिव्यांची आहे, बाजारपेठेची नव्हे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात वायूच्या ज्वाळा दिसतात. समुद्रात प्रखर दिवे लावून मासे ओढणाऱ्या नौकाही उपग्रह अचूक टिपतो. एलईडी दिव्यांच्या अशा मासेमारीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि कोकण व गोव्यातील पारंपरिक मच्छीमार तिच्या कडक अंमलबजावणीसाठी सातत्याने आवाज उठवीत आले आहेत. उजेडावर पत ठरवावयाची झाली तर बंदी मोडणारी नौका सुपात्र ठरेल आणि कायदा पाळून अंधारात जाळे टाकणारा रापणकार अपात्र!

एलईडीचीच आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. उपग्रहावरील यंत्राला निळ्या छटेचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, आणि पांढऱ्या एलईडी दिव्यात निळ्याचा वाटा मोठा असतो. एखाद्या नगरपालिकेने रस्त्यावरील जुने पिवळे सोडियम दिवे काढून एलईडी बसविले तर रस्ता नागरिकाला अधिक लख्ख दिसेल, वीजबिल उतरेल, आणि उपग्रहाच्या मते ते शहर मंदावलेले असेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. काटकसर करणाऱ्याला दरिद्री समजण्याची चूक माणूस करतो. यंत्रही करते, इतकेच.

मग हे साधन वापरावे कसे? मला वाटते, आपल्या हाताशी त्यासाठी एक जुनी व्यवस्था आहे. १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्रीय दृष्टिकोन स्वीकारावा अशी शिफारस केली आणि त्याच वर्षाअखेरीस अग्रणी बँक योजना अस्तित्वात आली. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय आणि पुणे शहर यांच्या पाहण्या त्यांच्या नेतृत्वाखाली घरोघर, बांधोबांध फिरून झाल्या होत्या. क्षेत्राचा विचार करा, असे सांगणारा हा माणूस क्षेत्रातील प्रत्येक उंबऱ्यापर्यंत गणक पाठविणारा होता, हे विसरता येत नाही.

त्याच धर्तीवर जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या तिमाही बैठकीत दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवावेत. एक तालुकावार कर्ज-ठेव गुणोत्तराचा, दुसरा त्याच तालुक्यांच्या मागील दहा वर्षांतील प्रकाशाच्या वाढीचा. एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करू नये. त्याच गावाची त्याच्या कालच्या स्थितीशी करावी, कारण तेथे वरील दोषांपैकी बरेचसे आपोआप कमी होतात. जेथे उजेड वाढला पण कर्ज वाढले नाही, तेथे व्यवसाय उभा राहिला असून बँक पोचलेली नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. तेथे अधिकारी पाठवावा. जेथे कर्ज वाढले आणि उजेड वाढला नाही, तेथे बहुधा शेती असेल, क्वचित आपल्याच वसुलीची चिंता करावी असे काही असेल. तेथेही अधिकारीच पाठवावा. कोणाकडे जावे एवढेच या नकाशाने सांगावे. कोणाला द्यावे हे सांगण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये, आणि वैयक्तिक कर्जाच्या गुणांकनात परिसराच्या प्रकाशाचा समावेश करण्यास बँकांनी ठाम नकार द्यावा.

याला खर्च नगण्य आहे. नोंदी विनामूल्य मिळतात. अग्रणी जिल्हा प्रबंधकाच्या कार्यालयातील संगणक आणि जवळच्या महाविद्यालयातील भूगोल विभागाचे साहाय्य एवढे पुरेसे आहे. डिसेंबर ते मार्च या निरभ्र महिन्यांच्या नोंदी वापरल्या तर ढगांची अडचणही टळते. स्थळपाहणी अहवालाच्या नमुन्यात मात्र एक रकाना वाढवावा लागेल : या ठिकाणी वीज किती वाजता येते आणि ती आल्यावर येथे कोण जागे असते?